तीन वीस ते चार

१

आमच्या घराला नऊशे वॅटची जोडणी आहे. जावा बेटावरच्या सालातिगा गावातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरांना तेवढीच. भात शिजत असताना कुणी इस्त्री लावली, की दारावरच्या मीटरपेटीतलं बटण खाली पडतं आणि घर एकदम गप्प होतं. पडताना जसा आवाज येतो तसंच त्याला इथं नाव आहे, ‘जेगलेक’. मग कुणीतरी स्टुलावर चढतं आणि बटण वर करतं.

त्यामुळे घरात विजेचं वेळापत्रक लागतं. आमचं वेळापत्रक मी केलं होतं. मी शाळेत संगणक शिकवतो, असली कामं मला आवडतात. सकाळी पंप, मग भात. इबुंचं ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर आणि सकाळभर. दुपारी एक ते तीन वीस यंत्र बंद आणि माझा संगणक चालू; दोन्ही एकत्र नकोत, कारण सुरू होताना यंत्र क्षणभर दुप्पट वीज ओढायचं. तीन वीसला संगणकाचं काम थांबायचं, मी यंत्राचं बटण दाबायचो, ते एक लांब शिटी द्यायचं आणि सुरू व्हायचं.

इबु म्हणजे माझी आई. चाळीस वर्षं त्यांनी शेंगदाण्याच्या मिठाईच्या कारखान्यात लाकडाच्या चुलीवर शेंगदाणे भाजले आणि तो धूर शेवटी छातीत घर करून बसला. डॉक्टर म्हणाले होते, दिवसाचे पंधरा तास ऑक्सिजन हवाच. माझ्या वेळापत्रकात तो भरपूर बसत होता. मी डॉक्टरांनाही तो कागद दाखवला होता. ते म्हणाले, "वा! तुमच्यासारखे मुलगे कमी." आणि कागद परत देताना म्हणाले, "पण धाप लागली तर कागद बघत बसू नका हं. लगेच लावा."

आता संगणकाच्या कामाबद्दल. दूरच्या एका देशात एक प्रयोगशाळा आहे. औषधं शोधताना तिला अवाढव्य गणितं करावी लागतात. ती गणितं तुकडे करून जगभरच्या लोकांच्या घरी पाठवतात. आपला संगणक रिकामा असेल तेव्हा त्यानं ती सोडवायची आणि उत्तर परत पाठवायचं. पैसे मिळत नाहीत, गुण मिळतात. मध्य जावातल्या आम्हा चाळीसेक जणांचा गट होता आणि गुणांच्या यादीत मी दुसरा होतो. गेले आठ महिने आम्ही जी गणितं करत होतो ती फुफ्फुसाच्या आजारावरची होती. हे मी लोकांना आवर्जून सांगायचो.

संगणक इबुंच्या खोलीत होता, कारण धड चालणारा प्लग तिथंच होता. पंखे घरघरायला लागले की त्या म्हणायच्या, "उठलं बघ तुझं पोर. ह्याला तरी दम लागतो का रे, ले?" मुलाला आमच्याकडे ‘ले’ म्हणतात. मी शेहेचाळीस वर्षांचा झालो तरी ‘ले’च होतो.

इबु गेल्या, एका गुरुवारी दुपारी. लोकांना मी सांगितलं, झोपेत गेल्या.

२

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली, यंत्र भाड्याच्या दुकानात परत गेलं आणि मी संगणकाचे तास वाढवले. एक ते सहा. आता कुणाला अडचण नव्हती. गटावर मी माझ्या खात्याचं नाव बदलून ‘सुतिनाह’ केलं, ते इबुंचं नाव. त्यावर इतके निरोप आले की वाचता वाचता मला रडू फुटलं. काही वेळानं लक्षात आलं, की मी तेच निरोप पुन्हा पुन्हा वाचतोय.

नोंदींकडे माझं लक्ष गेलं ते साधारण दहाव्या दिवशी. गणितं सोडवणारा संगणकातला कार्यक्रम स्वतःची रोजनिशी ठेवतो. कधी सुरू झाला, कधी थांबला, का थांबला. त्यात एक ओळ होती:

‘३:२० – काम थांबवलं. संगणक वापरात आहे.’

आणि खाली: ‘४:०० – काम पुन्हा सुरू.’

ही सोय मीच चालू ठेवली होती. माणूस संगणकापाशी बसला, माउसला किंवा कळफलकाला हात लागला, की दानाचं काम बाजूला होतं, माणसाचं आधी. पण मी त्या वेळी शाळेत होतो. इबु गेल्यापासून मी रोज पाचपर्यंत जादा तास घेत होतो आणि घराला कुलूप होतं.

मागच्या नोंदी पाहिल्या. रोज तेच. तीन वीस ते चार.

पहिल्यांदा मी पालीवर संशय घेतला. आमच्या पाली टेबलावर बिनधास्त फिरतात. पण पाल घड्याळ बघून येत नाही. मग वाटलं, त्या सुमाराला कारखान्याचा मोठा ट्रक गल्लीतून जातो, त्यानं टेबल हादरत असेल. गुरुवारी मी माउस काढून कपाटात ठेवला आणि शाळेत गेलो. परत आलो तर ओळ तशीच. शुक्रवारी कळफलकही काढला. संगणकाला हात लावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

‘३:२० – काम थांबवलं. संगणक वापरात आहे.’

कार्यक्रमात चूक असणार, असं मी ठरवलं. मुलांनाही मी हेच शिकवतो, यंत्र खोटं बोलत नाही, माणूस चुकीचं सांगतो. ती सोयच बंद करून टाकली, म्हणजे आता कुणीही वापरो, काम थांबायचं नाही. दोन दिवस नोंदवहीत काहीच आलं नाही. मी निर्धास्त झालो.

तिसऱ्या दिवशी जेगलेक झालं.

३

त्या दिवशी सुट्टी होती, मी स्वयंपाकघरात होतो. मशिदीतली तीनच्या सुमाराची असरची बांग होऊन थोडा वेळ झाला होता. घरात फक्त फ्रिज आणि संगणक चालू. दोन्ही मिळून साडेचारशेच्या वर जात नाहीत. मी पाण्याचा पंप लावला आणि बटण पडलं. एरवी हे तिन्ही बिनतक्रार चालतात.

बटण वर केलं, पुन्हा पडलं. चारनंतर मात्र सगळं नीट चाललं.

दुसऱ्या दिवशी मी लिक दर्माजींना बोलावलं. ‘लिक’ म्हणजे काका. ते शेजारी राहतात, तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले आणि आता निवृत्त होऊन कबुतरं पाळतात. तारेला चिमटा लावून किती वीज जातेय ते दाखवणारं मीटर त्यांनी अजून जपून ठेवलंय.

"संगणकाचा मास्तर, आणि बटण पडलं की म्हाताऱ्याला हाक," पेटी उघडत ते म्हणाले. "कॉफी टाक. साखर बघून घाल, कबुतरांपेक्षा मला जास्त लागते."

सव्वातीनला मीटर चारशे तीस दाखवत होतं. "हे बघ. अर्धी जोडणी रिकामी पडलीय. तू उगीच—"

तेवढ्यात आकडा चढला. चारशे तीसवरून सातशे नव्वद. तिथंच थांबला.

लिकनी चिमटा काढून पुन्हा लावला. "काय लावलंस आत?"

"काही नाही. मी इथंच उभा आहे ना तुमच्यासमोर."

"मग वर किती आलं बघ. साडेतीनशे. भाताचं भांडं?"

"बंद आहे."

ते घरात शिरले. फ्रिजचा प्लग काढला, पंपाचा काढला, दिवे घालवले. आकडा त्या मानानं उतरला, पण ते साडेतीनशे जागचे हलले नाहीत. शेवटी ते इबुंच्या खोलीच्या दारात गेले आणि तिथंच थांबले. आत गेले नाहीत. मान जरा तिरकी करून ऐकत राहिले.

"कितो," त्यांचा आवाज बदलला होता, "आईचं यंत्र परत दिलंस ना?"

"दिलं की. तुम्हीच तर टेम्पोत चढवायला हात लावलात."

"हो. लावला होता." ते मागे सरले. "किती वॅटचं होतं रे ते?"

"साडेतीनशे," मी म्हणालो. त्यांना ते माहीत होतं.

चपला घालताना ते म्हणाले, "जुनं घर आहे. वायर कुठंतरी ओल धरत असेल." कॉफी तशीच राहिली. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मग कानामागे खाजवत निघून गेले.

४

मला तेव्हा भीती वाटत होती असं मी म्हटलं, तर ते अर्धंच खरं होईल. भुताला भिणारा माणूस शेजाऱ्याकडे झोपायला जातो, भूत उतरवायला हाजींना बोलावतो, चारचौघांत सांगून मोकळा होतो. मी कुणालाच सांगितलं नाही. चोराला पोलिसांची जशी वाटते, तशी ती भीती होती.

पुढच्या रविवारी मी ठरवून त्या खोलीत बसलो. संगणकासमोर, पलंगाकडे पाठ करून. माझी नेहमीची जागा तीच. माउस आणि कळफलक पुन्हा जोडले होते. दोन्ही हात मी मांडीवर ठेवले.

तीन वाजता काही नाही. तीन दहाला काही नाही. बाहेर लिकची कबुतरं घुमत होती, मग तीही थांबली.

तीन वीसला मागे आवाज सुरू झाला. काचेच्या पेल्यावर चमचा. टिण. मग थोडं थांबून, टिण, टिण. जोर नव्हता त्यात. हात उचलायलाही कष्ट पडावेत, तसा.

मी पडद्याकडेच पाहत राहिलो. पडद्यावरचा बाण हलला. सरळ नाही गेला, अडखळत, चुकत, एकदा पार कोपऱ्यात जाऊन परत येत. इबुंना माउस कधी धरता आला नव्हता. मी एकदा शिकवायला गेलो तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "हा उंदीर माझं ऐकत नाही." बाण वेळापत्रकाच्या चौकटीपाशी पोचला. ‘काम बंद करण्याची वेळ’ म्हणून मी सहा घातले होते. ते पुसले गेले. मग एकेक आकडा, मध्ये खूप वेळ घेत: १५. मग २०.

तीन वीस.

मी हात पुढे केला आणि पुन्हा सहा घातले. का घातले, मला माहीत नाही. सवयीनं घातले. मागचा चमचा एकदम थांबला.

मग मी वळून पाहिलं. पलंगावर कुणी नव्हतं. गादीवरची चादर मी सकाळीच ताणून घातली होती. ती मधोमध किंचित वर आली, थांबली आणि हळूहळू खाली बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग पुन्हा वर आली.

पळायला हवं होतं. मला मात्र वर मान करून पाहवेना. चादर खालीवर होत होती आणि मी चार वाजेपर्यंत माझ्या पायाच्या बोटांकडे बघत बसलो.

५

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी म्बाक रुक्मी बातामहून आली. ‘म्बाक’ म्हणजे ताई, माझी थोरली बहीण. इबु गेल्या त्या दिवशी तिला विमान मिळालं नव्हतं आणि त्याच रात्री दफन झालं, त्यामुळे तिनं चेहरा पाहिला नव्हता. ती सारखी बारीकसारीक विचारत होती. डोक्याखाली किती उशा होत्या? कपडे कुठले होते? ओठ कोरडे होते का?

अंगणात गल्लीतल्या बायका संध्याकाळच्या जेवणासाठी कोंबडी चिरत, नारळ खवत बसल्या होत्या. "रुक्मी, असा भाऊ नशिबानं मिळतो," एकजण म्हणाली. "पोटच्या मुली करणार नाहीत एवढं केलं त्यानं." दुसरी म्हणाली, "आणि आता त्यांच्या नावानं औषधाचं दान करतोय म्हणे, संगणकावरून." मी नारळाच्या करवंट्या गोळा करायचं निमित्त करून तिथून सरकलो.

तीन वाजता बायका आंघोळीला आपापल्या घरी गेल्या. रुक्मी इबुंच्या खोलीत जाऊन पलंगावर टेकली. मी दारातच उभा होतो. संगणक मी सकाळपासून बंद ठेवला होता, प्लगही काढून ठेवला होता.

"जोडणी वाढवून घे म्हणून मी तीनदा फोन केला होता तुला," ती म्हणाली. रागानं नाही. "काय म्हणायचास आठवतंय? ‘बघतो, म्बाक.’"

"हो."

"सगळं बघतोच म्हणतोस तू. लहानपणापासून." ती जरा हसली. मग तिचं हसू गेलं. "कितो, ते यंत्र कुठंय?"

"परत दिलं."

"मग चालू काय आहे?"

मीही ऐकलं. सुस्कारा सोडावा तसा आवाज, मग फट्, मग पुन्हा सुस्कारा. पलंगाच्या पलीकडून, जिथं आता फक्त फरशीवर चार चाकांचे डाग होते तिथून. आणि मग पेल्यावर चमचा.

रुक्मी किंचाळली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिला माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, ती म्हणाली, "तुला माहीत आहे हे. तू दचकला नाहीस."

मी दाराची चौकट धरली आणि सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, सलग.

त्या गुरुवारी एक गणित अर्धवट राहिलं होतं. त्याची मुदत चारला संपत होती. ते पोचलं असतं तर मी यादीत पहिला येणार होतो, गटावर सगळे वाट बघत होते. तीन वीसला मी संगणकाची वेळ वाढवून चार केली. यंत्र लावलं असतं तर जेगलेक झालं असतं आणि गणित बुडालं असतं. मी याच खोलीत होतो, याच खुर्चीत, पलंगाकडे पाठ करून.

"त्यांना धाप लागली होती?" रुक्मीनं विचारलं.

"हो."

"हाक मारली?"

"आवाज फुटत नव्हता. चमचा वाजवत होत्या."

"तू काय म्हणालास?"

"‘जरा थांबा इबु, होतच आलंय.’"

"किती वेळ वाजवत होत्या?"

"वीस मिनिटं. मग थांबल्या." पुढचं वाक्य मी चाळीस दिवस गिळत होतो. "मला वाटलं, झोप लागली. मनात म्हटलं, बरं झालं."

रुक्मी पलंगापलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"चारला गणित पोचलं," मी म्हणालो. "पोचल्याची खूण येईपर्यंत मी थांबलो. मग वळलो."

चमचा वाजतच होता. रुक्मी उठली. मला वाटलं मारेल, आणि मारावं असं फार वाटत होतं. तिनं मला हातही लावला नाही.

"बाहेर जा," ती म्हणाली. "घरात नाही. घराबाहेर." आणि तिनं आतून कडी लावली.

६

मी मागच्या अंगणात, खोलीच्या खिडकीखाली उभा राहिलो. खिडकी मिटलेली होती पण काच सैल आहे, आतलं ऐकू येतं. सोललेल्या नारळांवर माश्या बसल्या होत्या.

बराच वेळ चमचाच ऐकू येत होता. मग तो थांबला आणि रुक्मीचा आवाज आला. हळू, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तसा.

"मी आहे, इबु. रुक्मी."

मग शांतता. बोलायला खूप दम लागणारं माणूस उत्तर देईपर्यंत आपण थांबतो, तेवढी.

"हो, सकाळीच पोचले."

शांतता.

"जेवले. खरंच जेवले."

या वेळी शांतता फार लांबली. मी भिंतीला टेकलो. दुसरा आवाज ऐकायचा मी प्रयत्न केला, आणि ऐकू येऊ नये म्हणून मनात प्रार्थनाही करत होतो. ऐकू काही आलं नाही. काचेवर आतून दमट वाफ धरली होती. एका जागी, उशीच्या उंचीवर, ती येत होती आणि विरत होती.

"तो बाहेर आहे," रुक्मी म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "नाही हो, रागावले नाही मी त्याला. नाही बोलले काही."

शांतता.

"झालं, इबु. झालं त्याचं काम. पोचलं वेळेत." ती रडत होती. "आता तुमचं लावते."

आत बटण दाबल्याचा आवाज आला. मग एक लांब शिटी.

मी कान झाकून घेतले नाहीत. तेवढं तरी मी ऐकायला हवं होतं. संध्याकाळी माणसं आली, चटया अंथरल्या, प्रार्थना झाली, आणि सगळ्यांनी माझा हात हातात घेऊन मला चांगला मुलगा म्हटलं. रुक्मी शेजारी बसली होती. तिनं एकालाही काही सांगितलं नाही.